नगरसेवकांचे मानधन आणि टंचाईचे दिवस

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची सभा भरली आहे, अशी क्षणभर कल्पना करा. घरपट्टीची वसुली घटलेली आहे. नव्या नळयोजनेचे काम पुढील वर्षावर ढकलावे लागले आहे. रोजंदारीवरील सफाई कामगारांना कायम करण्याचा विषय याही खेपेस तहकूब झाला आहे. अशा सभेच्या अखेरीस, ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात, चार ओळींचा एक ठराव पुढे येतो: सन्माननीय सभासदांच्या मानधनात वाढ करण्यात यावी. त्याला सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो. आणि ज्या सभागृहात वर्षभर दिव्याच्या खांबाच्या जागेवरही दोन पक्षांचे एकमत झाले नाही, तेथे हा ठराव एकमुखाने संमत होतो. दुसऱ्या दिवशी ती बातमी वाचून कर भरणारा नागरिक म्हणतो, ‘दुष्काळात तेरावा महिना!’

त्याचा हा संताप स्वाभाविक आहे. परंतु त्याच नागरिकाला जरा थांबवून विचारले, की मग नगरसेवकाने काहीच घेऊ नये काय, तर तो थोडा विचारात पडेल. वॉर्डातील गटार तुंबले की तो रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठावतो, त्या माणसाने आपला धंदा-नोकरी सांभाळून, घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजाव्यात, अशी अपेक्षा किती दिवस करता येईल? म्हणजे प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. लोकनियुक्त नगरसेवकांना वेतन असावे काय, ते कोणी ठरवावे, आणि लोकांवर मंदीचे वा महागाईचे सावट असताना ते वाढवावे काय, या तीन प्रश्नांचा आज आपण क्रमाने विचार करू. या बाबतीत जगातील काही शहरांना आलेले अनुभव मोठे बोधप्रद आहेत.

वेतनाचा उगम

लोकांच्या कारभारात भाग घेणाऱ्यास मोबदला द्यावा, ही कल्पना नवी नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स नगरात पेरिक्लीजने न्यायसभेवर बसणाऱ्या नागरिकांस रोजचे दोन ओबोल देण्याची प्रथा पाडली. पुढे क्लीऑनच्या वेळी ते तीन झाले. कसबी कारागिराची दिवसाची मजुरी त्या काळी साधारणतः सहा ओबोल, म्हणजे एक द्राख्मा, असे. तेव्हा तीन ओबोलांनी कोणी श्रीमंत होणार नव्हता. मात्र एक दिवसाची मजुरी बुडवून न्यायसभेत येणाऱ्या कुंभाराच्या किंवा चांभाराच्या घरची चूल त्यामुळे विझत नसे. वेतनाचे खरे प्रयोजन तेथे दिसते. ते मोठेपणाचे बक्षीस नव्हे. गरिबाला सभागृहाचे दार उघडे ठेवणारी ती एक पाचर आहे.

ही पाचर काढून घेतली की काय होते, हेही त्याच नगराने पाहिले. सिसिलीवरील मोहीम इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये पूर्णपणे फसली, आरमार बुडाले, खजिना रिता झाला. दोनच वर्षांनी, ४११ मध्ये, काटकसरीचे कारण पुढे करून युद्ध संपेपर्यंत जवळजवळ सर्व अधिकारपदांचे वेतन बंद करण्यात आले. ज्या गटाने हे केले त्याने त्याच दमात लोकसभेचा अधिकार मोडून चारशे जणांच्या हाती सत्ता दिली. पोटाला चिमटा न घेता ज्यांना सार्वजनिक काम करता येत होते, त्यांचेच राज्य झाले. चारशे जणांची ती राजवट काही महिन्यांतच कोसळली. पण टंचाईच्या काळात ‘पदाला वेतन नको’ हा जो घोष उठतो, तो नेहमीच गरिबाच्या हिताचा असतो असे नाही, हा धडा तिने मागे ठेवला.

इंग्लंडात हेच तत्त्व मान्य होण्यास फार काळ लागला. १८३८ सालच्या चार्टिस्टांच्या सहा मागण्यांत ‘प्रतिनिधींना वेतन’ ही एक मागणी होती. ती पुरी झाली १९११ साली, जेव्हा पार्लमेंटच्या सामान्य सभासदांस वर्षाला चारशे पौंड देण्याचे ठरले. मधल्या त्र्याहत्तर वर्षांत जे कामगार पुढारी निवडून आले, ते संघटनेच्या वर्गणीवर किंवा मित्रांच्या मदतीवर गुजराण करीत. ज्याच्या पैशावर प्रतिनिधी जगतो, त्याचे त्याला ऐकावे लागते. म्हणूनच जनतेचे ऐकणारा प्रतिनिधी हवा असेल, तर त्याचा खर्च जनतेने उघडपणे सोसावा, हे म्हणणे न्यायाचे आहे.

आपला हात जगन्नाथ

येथवर फारसा मतभेद होऊ नये. अडचण पुढे आहे. कारकुनाचा पगार त्याचा वरिष्ठ ठरवतो, गिरणी कामगाराचा पगार मालक आणि संघटना यांच्या वाटाघाटीतून ठरतो. परंतु जगातील पुष्कळ शहरांत नगरसेवकांचा पगार नगरसेवकच ठरवतात. देणाराही तोच आणि घेणाराही तोच. आपल्याकडे अशा व्यवहाराला ‘आपला हात जगन्नाथ’ असे म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, की रकमेच्या दृष्टीने हा खर्च बहुधा क्षुल्लक असतो. मुंबई महानगरपालिकेचे उदाहरण घेऊ. २०१७ साली तेथील नगरसेवकांचे मानधन महिना दहा हजार रुपयांवरून पंचवीस हजार करण्यात आले. टक्केवारीने पाहिले तर ही वाढ दीडशे टक्के भरते आणि ऐकणारा चमकतो. पण २२७ निवडून आलेल्या सभासदांच्या हिशेबाने ही वाढ वर्षाला चार कोटी नऊ लाख रुपयांच्या घरात जाते. आणि त्या वर्षीचे पालिकेचे अंदाजपत्रक पंचवीस हजार कोटींच्या वर होते. म्हणजे पालिकेच्या शंभर रुपयांतले दोन पैसेसुद्धा या वाढीला लागले नाहीत. तेव्हा ‘हे पैसे वाचले असते तर रस्ते झाले असते’ हा युक्तिवाद टिकत नाही.

मग लोक इतके चिडतात का? कारण हा प्रश्न पैशांचा नसून विश्वासाचा आहे. घरात धान्य कमी असेल, त्या दिवशी वाढणारा स्वतःच्या पानात आधी काय वाढून घेतो, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याने घेतलेली अर्धी भाकरी घरादाराला उपाशी ठेवीत नाही. पण तिने पंगतीतला विश्वास उडतो. आणि विश्वास उडालेल्या शहरात करवसुली अवघड होते, हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

बेल शहराची कथा

हा विश्वास कसा जातो, याचे अलीकडच्या काळातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले बेल हे शहर. लॉस एंजेलिसला लागून असलेले हे लहानसे गाव. २०१० सालच्या खानेसुमारीत त्याची वस्ती पस्तीस हजारांच्या थोडी वर भरली. बहुसंख्य लोक मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या श्रमिकांच्या कुळातले. कारखान्यांत, गुदामांत, हॉटेलांत राबणारे. अमेरिकेत त्या वेळी मोठी मंदी होती. कॅलिफोर्नियात शंभर कामकऱ्यांमागे बाराजण बेकार होते, आणि हप्ते थकल्यामुळे घरे जप्त होत होती.

अशा वेळी, २०१० च्या जुलै महिन्यात, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकाने बातमी छापली, की या गरीब शहराचा मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो हा वर्षाला सात लाख सत्याऐंशी हजार डॉलरांहून अधिक पगार घेतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार चार लाख डॉलर. हा त्याच्या जवळजवळ दुप्पट! पोलीस प्रमुखाचा पगार साडेचार लाखांच्या पुढे. आणि पाचपैकी चार नगरसेवक, ज्यांचे काम केवळ अर्धवेळ होते, ते प्रत्येकी सत्त्याण्णव हजारांच्या आसपास घेत होते. पाचव्याला मिळत होते वर्षाला सुमारे आठ हजार. एकाच सभागृहात एकाच कामाला बारापट अंतर होते, ते असे.

हे घडले कसे, ते समजून घेण्याजोगे आहे; कारण त्यात कोणी तिजोरी फोडली नव्हती. कॅलिफोर्नियात सामान्य कायद्याखाली चालणाऱ्या शहरांच्या सभासदांना किती वेतन घेता येईल, हे राज्याच्या कायद्याने लोकसंख्येनुसार बांधून दिलेले असते. मात्र ज्या शहराने मतदारांच्या संमतीने स्वतःची सनद करून घेतली, त्याला हे बंधन लागू नव्हते. बेलच्या कारभाऱ्यांनी २००५ च्या नोव्हेंबरअखेर सनदेसाठी खास मतदान घेतले. साऱ्या शहरातून चारशेसुद्धा मते पडली नाहीत. त्या मूठभर मतांच्या जोरावर मर्यादा उठली.

त्यानंतर सभासदांनी नगरसभेचा पगार उघडपणे वाढवला नाही. त्यांनी मंडळे नेमली: कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी एक, गृहनिर्माणासाठी एक, वित्तव्यवस्थेसाठी एक, शिलकी मालमत्तेसाठी एक. सर्व मंडळांवर तेच ते सभासद, आणि प्रत्येक मंडळाचे मानधन निराळे. खटल्यात पुढे दिसून आले, की या मंडळांच्या सभा नगरसभेच्या बैठकीतच काही मिनिटांत उरकल्या जात, आणि काही मंडळांनी नाव घेण्याजोगे काम केलेच नव्हते. त्याच काळात शहराच्या सेवांना कात्री लागत होती, आणि तेथील मालमत्ता कराचा दर जवळच्या अनेक श्रीमंत वस्त्यांहून चढा होता. कुंपणच शेत खाऊ लागले होते.

यातला सर्वांत विदारक प्रकार निराळाच आहे. पगारांविषयी कुजबूज ऐकून २००८ साली शहरातील एका रहिवाशाने कायद्याप्रमाणे अर्ज करून आकडे मागितले. त्याला कागद मिळाला. सभासदांचा पगार त्यात महिना ६७३ डॉलर दाखवला होता. तो कागद खोटा होता. मनुष्य समाधानाने घरी गेला आणि लूट आणखी दोन वर्षे चालली.

बातमी फुटल्यावर लोक शेकड्यांनी नगरभवनावर चालून आले. सप्टेंबर २०१० मध्ये आठ आजी-माजी अधिकाऱ्यांना अटक झाली. मार्च २०११ च्या मतदानानंतर जुन्या सभागृहातील एकही सभासद उरला नाही. २०१३ साली सहा आरोपी सभासदांपैकी पाच दोषी ठरले व एक सुटला. प्रशासकाला २०१४ साली बारा वर्षांची शिक्षा झाली. बातमी देणाऱ्या पत्राला २०११ चे लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या राज्याच्या महालेखापालाने सर्व नगरपालिकांकडून पगारांचे आकडे मागवून ते जाहीरपणे मांडण्याची व्यवस्था केली.

बेलच्या या हकिकतीतून कोणी असा निष्कर्ष काढील, की नगरसेवकांना वेतनच नको. तो निष्कर्ष चूक ठरेल. बेलमधील पाप पगारात नव्हते. ते अंधारात होते. चारशे लोकांचे मतदान, मिनिटांच्या सभा, मंडळांचे आडपडदे आणि खोटा कागद, या चारी गोष्टी उजेड टाळण्यासाठी होत्या.

तीन उपाय आणि त्यांच्या मर्यादा

स्वतःच्या हाताने स्वतःला वाढून घेण्याची ही अडचण दूर करण्यासाठी लोकशाही देशांनी मुख्यतः तीन उपाय योजले आहेत.

पहिला उपाय कालावधीचा. वाढ मंजूर करा, पण ती तुम्हाला मिळणार नाही. मधे निवडणूक होऊ द्या, आणि लोक ज्याला निवडतील त्याला ती मिळेल. हा विचार अमेरिकेत फार जुना आहे. जेम्स मॅडिसनने १७८९ साली काँग्रेसच्या सभासदांसाठी अशी घटनादुरुस्ती सुचवली होती. ती पुरेशा राज्यांची संमती मिळून अमलात आली १९९२ साली! तिची गरज का होती, हे १८७३ सालाने दाखवले. त्या वर्षी मार्च महिन्यात काँग्रेसने आपला पगार पाच हजारांवरून साडेसात हजार डॉलर केला, आणि तोही मागील दोन वर्षांपासून. सप्टेंबरात पेढ्या बुडाल्या आणि देशभर मंदीची लाट आली. लोकांनी त्या कायद्याला ‘पगारलूट’ असे नाव ठेवले, आणि पुढच्याच जानेवारीत सभासदांची वाढ रद्द करावी लागली. कॅलिफोर्नियातील सामान्य शहरांत आज हाच नियम आहे: चालू मुदतीत सभासदाच्या वेतनात बदल होत नाही.

या उपायाची मर्यादा अशी, की जो सभासद निवडून येण्याची खात्री बाळगतो, त्याला मधल्या निवडणुकीची भीती नसते. तरीही हा नियम उपयुक्त आहे. निवडणुकीत विरोधकाला प्रश्न विचारायला एक विषय मिळतो, आणि मतदाराला उत्तर द्यायला एक दिवस मिळतो.

दुसरा उपाय त्रयस्थाचा. न्यूयॉर्क शहराच्या कायद्यात दर चार वर्षांनी तीन जणांची सल्लागार समिती नेमून महापौर, नगरसेवक आदींच्या वेतनाचा आढावा घेण्याची तरतूद आहे. इंग्लंडात प्रत्येक स्थानिक संस्थेला स्वतंत्र मंडळाचा अहवाल विचारात घेतल्याशिवाय सभासदांचे भत्ते ठरवता येत नाहीत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने तर आणखी पुढे जाऊन राज्याच्या पदाधिकाऱ्यांसाठी नागरिकांचा आयोग नेमला, ज्याचे काही सभासद मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. तेथील शहरांनाही असे आयोग नेमण्याची मुभा आहे, आणि आयोगाने ठरवलेला पगार नगरसभेच्या मताशिवाय लागू होतो. चिठ्ठीने आलेल्या दुकानदाराला किंवा शिक्षिकेला नगरसेवकाचे काही देणेघेणे नसते. हीच तिची पात्रता.

सल्ला केवळ सल्ला असला की काय होते, हेही न्यूयॉर्कने दाखवले. तेथील समितीने २०१५ च्या अखेरीस नगरसेवकांसाठी वर्षाला १,३८,३१५ डॉलरांची शिफारस केली. नगरसभेने २०१६ च्या फेब्रुवारीत स्वतःला १,४८,५०० मंजूर केले. मात्र न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वेळी सभासदांनी बाहेरच्या मिळकतीवर कडक बंधन घालून घेतले आणि समित्यांच्या अध्यक्षपदांचे वेगळे भत्ते रद्द केले. बेलमध्ये मंडळांच्या नावाखाली पगार लपवला होता. येथे भत्ते मोडून तो उघड केला.

तिसरा उपाय निर्देशांकाचा. वेतनाची सांगड महागाईशी घालून द्यावी, म्हणजे दरवेळी ठराव नको, वाद नको. शिकागो शहरात नगरसेवकांचे पगार असे बांधलेले आहेत, आणि ज्याला वाढ नको असेल त्याला ती नाकारण्याची सोय आहे. आपल्या संसदेनेही २०१८ साली हीच वाट धरली: सभासदाचे वेतन महिना एक लाख करून दर पाच वर्षांनी ते खर्चवाढीच्या निर्देशांकानुसार वाढावे, असा कायदा केला. त्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून ते एक लाख चोवीस हजार झाल्याचे २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झाले.

हा उपाय वरवर निर्दोष दिसतो. पण त्याची खोट नेमकी टंचाईच्या दिवसांत उघडी पडते. शिकागोत २०२३ सालासाठी या सूत्राने साडेनऊ टक्क्यांहून अधिक वाढ निघाली, कारण महागाई तितकी भडकली होती. ज्या भाववाढीने सामान्य गृहस्थाचे कंबरडे मोडते, तीच भाववाढ प्रतिनिधीचा पगार आपोआप वर नेते. साधा मजूर आपल्या मालकाकडे असे सूत्र मागू शकत नाही. म्हणून निर्देशांकाला वरची मर्यादा हवी, आणि शहराच्या नोकरवर्गाला जितकी वाढ मिळाली तिच्याहून ती अधिक नसावी.

टंचाईत काय करावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हलाखीचे दिवस आले, तर लोकनियुक्त प्रतिनिधींनी काय करावे?

सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे स्वतःच्या वेतनाला कात्री लावणे. १९३१ च्या मंदीत ब्रिटिश पार्लमेंटने सभासदांचे वेतन चारशेवरून तीनशे साठ पौंड केले. आपल्याकडे महासाथीच्या वेळी, एप्रिल २०२० पासून एक वर्ष, संसदसदस्यांच्या वेतनात तीस टक्के कपात झाली. या कपातींनी देशाची तूट भरून निघत नाही हे सर्वांना ठाऊक असते. तथापि ‘आम्हीही तुमच्याबरोबर सोसतो आहोत’ असे त्या सांगतात, आणि तसे सांगण्याला मोल असते. मात्र कपातीचे माप समान असले पाहिजे. १९३१ साली ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्यांच्या पगाराला थोडीशी झळ लागली, आणि जुन्या दराने काम करणाऱ्या खलाशाच्या रोजच्या चार शिलिंगांतून एक शिलिंग गेला, म्हणजे चौथा हिस्सा. इन्व्हरगॉर्डन येथे आरमाराने नांगर उचलण्यास नकार दिला, आणि सरकारला ती कपात दहा टक्क्यांवर आणावी लागली. लोक सोसायला तयार असतात. पंगतीतला प्रपंच त्यांना सोसत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे वाढ गोठवणे. हे बहुतेक वेळा योग्यच असते. परंतु त्यात एक फसगत आहे. न्यूयॉर्कच्या नगरसेवकांचे वेतन २००६ साली १,१२,५०० डॉलर झाले. पुढे मंदी आली, आणि २०११ मध्ये जी समिती नेमायची, ती त्या वेळचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी आर्थिक परिस्थितीकडे बोट दाखवून नेमलीच नाही. ते स्वतः अब्जाधीश. वर्षाला केवळ एक डॉलर पगार घेत. त्यांना समितीची गरज नव्हती. परिणाम असा, की दहा वर्षांची थकलेली वाढ २०१६ साली एकदम बत्तीस टक्क्यांच्या रूपाने उसळली आणि लोकांना ती हावरटपणाची वाटली. कॅलिफोर्नियाची कथाही अशीच. तेथे पस्तीस ते पन्नास हजार वस्तीच्या शहरासाठी १९८४ साली ठरवलेली महिना चारशे डॉलरांची मर्यादा चाळीस वर्षे तशीच राहिली, आणि २०२४ च्या आरंभी ती १,२७५ डॉलर झाली. इतकी वर्षे सामान्य उत्पन्नाच्या किती माणसांनी निवडणुकीचा विचार मनातून काढून टाकला असेल, याची नोंद कोठेच होत नाही.

यावरून दिसते, की गोठवलेली वाढ ही बचत नसून उधारी असते. ती कधीतरी चुकती करावी लागते, आणि पुढे ढकलली तितकी ती बोचते. म्हणून वाईट वर्षी वाढीची अंमलबजावणी थांबवावी, पण आढावा थांबवू नये. समितीने दरवेळी बसावे, आकडे मांडावेत, आणि ‘यंदा शून्य’ असा निर्णय कारणांसह लेखी द्यावा. शून्यालाही कागद हवा. म्हणजे पुढे दिवस पालटले, की लोकांच्या समोर हिशेब तयार असतो.

आपल्या शहरांपुरते

इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो वा पणजी, आपल्याकडील चाल थोडी निराळी आहे. सामान्यतः आपल्या नगरसेवकांचे मानधन नगरपालिका स्वतःच्या मर्जीने वाढवू शकत नाही. ते राज्याच्या कायद्याने वा शासनाच्या आदेशाने ठरते. त्यामुळे बेलसारखी ‘जगन्नाथा’ची लीला येथे सहसा चालत नाही, ही जमेची बाजू. पण त्याबरोबर दुसरा दोष येतो. मानधन वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते आणि मग शासनाच्या मनात येईल तेव्हा, एखाद्या निवडणुकीच्या तोंडावरसुद्धा, एकदम वाढते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, त्यांचे कर व अनुदान ठरवण्यासाठी राज्य वित्त आयोगाची योजना केली. परंतु निवडून आलेल्या माणसाने कशावर जगावे, हा प्रश्न तिने राज्यांच्या कायद्यांवर सोपवला.

याचा परिणाम डोळ्यांआड करण्यात अर्थ नाही. ज्या कामाला दिवसाचे आठ-दहा तास द्यावे लागतात आणि ज्याचे मानधन घरभाड्यालाही पुरत नाही, त्या कामाला कोण पुढे येईल? एक तर ज्याची मिळकत बसून चालते तो. नाही तर ज्याला पदातूनच दुसरी मिळकत काढायची आहे तो. मधला, प्रामाणिक पण हातावर पोट असलेला माणूस, दाराबाहेर राहतो. शिक्षिका, रिक्षावाला, दुकानातला नोकर, शिवणकाम करणारी विधवा, यांना राखीव जागेवर उमेदवारी मिळेलही. पण निवडून आल्यावर पाच वर्षे काढायची कशी? उघड मानधन तुटपुंजे ठेवून आपण पैसे वाचवतो असे आपणास वाटते. कंत्राटांतून आणि बांधकाम परवान्यांतून ते कितीतरी पटीने फिटत असेल, तर ती काटकसर कसली?

म्हणून आपल्या शहरात मानधनवाढीचा प्रस्ताव येईल, तेव्हा नागरिकाने आधी रागावू नये आणि आधी मानही डोलवू नये. त्याने काही साधे प्रश्न विचारावेत. ही रक्कम कोणी ठरवली, आणि ठरवणाऱ्याला तिच्यातले काही मिळणार आहे काय? ती आजच्या सभासदांना मिळणार, की पुढील निवडणुकीनंतर येणाऱ्यांना? मानधनाव्यतिरिक्त बैठकभत्ता, वाहन, दूरध्वनी आणि समित्यांचे भत्ते धरून एकूण बेरीज किती? त्याच वर्षी पालिकेच्या झाडूवाल्याला आणि दाईला किती वाढ मिळाली? आणि हे सारे आकडे वॉर्ड कचेरीच्या फलकावर, कोणाही अडाणी माणसाला वाचून दाखवता येतील अशा मराठीत, लावलेले आहेत काय?

या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत असतील, तर टंचाईच्या वर्षीसुद्धा माफक मानधन देण्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि उत्तरे मिळत नसतील, तर भरभराटीच्या वर्षीसुद्धा एक पैसा वाढवू देऊ नये. बेल शहराची मर्यादा उठली, त्या दिवशी मतदानाला चारशे माणसेही गेली नाहीत. खरी उधळपट्टी सभागृहात झाली ती पुढे; तिची सुरुवात रिकाम्या मतदानकेंद्रात झाली होती.